बंधुतेचा हिशेब

स्वातंत्र्य, समता आणि बंधुता या त्रयीतील पहिल्या दोन शब्दांवर गेल्या दोनशे वर्षांत जेवढी शाई खर्च झाली, तिचा दशांशही तिसऱ्या शब्दाच्या वाट्याला आलेला नाही. स्वातंत्र्यासाठी न्यायालये आहेत. समतेसाठी पक्ष, संघटना आणि पंचवार्षिक योजना झाल्या. बंधुतेला मात्र कोणी वालीच उरला नाही. ती कीर्तनकाराची, धर्मोपदेशकाची किंवा शाळेतील प्रार्थनेची गोष्ट आहे, असे मानून राजकारणाने आणि अर्थशास्त्राने तिच्याकडे पाठ फिरविली. आम्ही समाजवादीही या दुर्लक्षाला अपवाद नाही. अशा वेळी रोमच्या धर्मपीठाने या शब्दाला केंद्रस्थानी ठेवून जगासमोर काही विचार मांडला असेल, तर केवळ तो चर्चमधून आला म्हणून बाजूला सारणे शहाणपणाचे होणार नाही. तो तपासून पाहिला पाहिजे, आणि तपासण्याची जागा रोम नसून आपला किनारा ही असली पाहिजे.

पोप फ्रान्सिस यांनी 3 ऑक्टोबर 2020 रोजी असिसी येथे 'फ्रातेल्ली तुत्ती' या परिपत्रकावर स्वाक्षरी केली. त्याची पूर्वतयारी 4 फेब्रुवारी 2019 रोजी अबूधाबी येथे झाली होती. त्या दिवशी कैरोच्या अल-अझर विद्यापीठाचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यब आणि पोप यांनी मानवी बंधुतेच्या एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. पुढे संयुक्त राष्ट्रांनी तोच दिवस मानवी बंधुतेचा आंतरराष्ट्रीय दिन म्हणून पाळण्याचे ठरविले आणि 2021 पासून तो पाळला जाऊ लागला. या दोन धर्मांच्या इतिहासात धर्मयुद्धांचे रक्त किती सांडले आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या दोन सह्यांचे मोल सांगावे लागत नाही. स्वतः असिसीचे संत फ्रान्सिस 1219 मध्ये धर्मयुद्ध ऐन भरात असताना इजिप्तच्या सुलतानाला नि:शस्त्र भेटावयास गेले होते. त्या भेटीचे स्मरण परिपत्रकाच्या आरंभीच केले आहे, आणि शेवटी ज्यांच्यापासून प्रेरणा घेतली अशी जी नावे येतात, त्यांत मार्टिन ल्यूथर किंग व डेस्मंड टूटू यांच्या जोडीने महात्मा गांधींचे नाव आहे.

तथापि, केवळ सद्भावनेचे आवाहन एवढाच या लिखाणाचा आशय असता, तर या पृष्ठावर त्याची दखल घेण्याचे कारण पडले नसते. त्यातील खरा भाग आर्थिक आहे. खाजगी मालकीचा हक्क ख्रिस्ती परंपरेने कधीही निरपवाद मानलेला नाही. पृथ्वीवरील संपत्ती सर्वांच्या उपयोगासाठी आहे, आणि मालकीहक्क हा त्या मूळ तत्त्वाच्या खालच्या पायरीवरचा आहे, असे परिपत्रक स्पष्टपणे सांगते. बाजारपेठ आपोआप सर्व प्रश्न सोडवील ही श्रद्धा ते नाकारते. स्थलांतरिताला माणूस म्हणून वागविण्याची अपेक्षा ते धरते, आणि राष्ट्रवादाच्या नावाने उभारलेल्या भिंतींवर टीका करते. ही भाषा आम्हा समाजवाद्यांना परकी वाटण्याचे काही कारण नाही.

अर्थात ही परंपरा एका दिवसात जन्मली नाही, आणि ती नेहमीच आपल्या बाजूची होती असेही नाही. पोप तेरावे लिओ यांनी 1891 मध्ये 'रेरुम नोवारुम' प्रसृत केले. त्यात कामगाराला त्याच्या कुटुंबाचे पोषण होईल एवढे वेतन मिळाले पाहिजे आणि त्याला संघटना करण्याचा हक्क आहे, हे मान्य होते. परंतु त्याच पत्रात समाजवादाचा तीव्र निषेधही होता. 1931 च्या 'क्वाद्राजेसिमो आन्नो'ने तर सच्चा समाजवादी आणि चांगला कॅथलिक एकाच वेळी होता येत नाही, असा निर्वाळा दिला. पुढे वारे फिरले. पोप सहावे पॉल यांनी 1967 च्या 'पोपुलोरुम प्रोग्रेसिओ'त राष्ट्राराष्ट्रांतील विषमतेवर बोट ठेवले, आणि 1971 मध्ये समाजवादी विचारप्रवाहांकडे सरसकट शत्रुत्वाने न पाहता विवेकाने पाहावे अशी भूमिका घेतली. पोलंडमध्ये कामगारांची 'सॉलिडॅरिटी' उभी राहिल्यानंतर 1981 मध्ये आलेल्या 'लाबोरेम एक्सेर्सेन्स'ने भांडवलापेक्षा श्रमाचे स्थान वरचे आहे हे तत्त्वच मांडले. 2025 मध्ये निवडून आलेल्या पोपनी लिओ हे नाव घेताना त्या 1891 च्या पत्राचीच आठवण केली, आणि त्याच वर्षी गरिबांविषयी 'दिलेक्सी ते' हे आपले पत्र प्रसिद्ध केले. म्हणजे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ कामगाराचा प्रश्न या परंपरेचा पाठलाग करीत आहे.

या प्रवासात आपल्या मुंबईचा एक वाटा आहे, तो फारसा कोणाच्या ध्यानात राहिलेला नाही. डिसेंबर 1964 मध्ये येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेसाठी सहावे पॉल आले होते. उपनिषदातील प्रार्थनेचा त्यांनी येथे आदराने उल्लेख केला, आणि येथूनच जगातील राष्ट्रांना आवाहन केले की शस्त्रास्त्रांवरील खर्चाचा काही भाग बाजूला काढून जगातील दरिद्री जनतेसाठी एक निधी उभारावा. तीन वर्षांनंतरच्या परिपत्रकात त्यांनी मुंबईतील या आवाहनाचा पुनरुच्चार केला. तो निधी काही उभा राहिला नाही. शस्त्रांचा खर्च मात्र वाढतच गेला. बंधुतेला अंदाजपत्रकात जागा मिळाली नाही तर तिचे काय होते, याचा हा नमुना होय.

आता आपण आपल्या किनाऱ्याकडे वळू. मालाडहून मढकडे जाणारा रस्ता हा मुंबईच्या समाजरचनेचा उभा छेद आहे. आधी मालवणी लागते. शहरातून उठविलेल्या आणि शहराला स्वस्त श्रम पुरविणाऱ्या माणसांची ही दाट वस्ती. त्यांत मुसलमान बहुसंख्य, पण दलित, उत्तर भारतीय, दक्षिण भारतीय असे सर्वच. मग नौदलाचा तळ, आक्साची चौपाटी, विश्रामगृहे, चित्रीकरणाला भाड्याने मिळणारे बंगले. मग एरंगळ, भाटी, आणि टोकाला मढचा कोळीवाडा, वाळत घातलेल्या बोंबलांच्या वलांड्या, बंदरातील बोटी आणि पोर्तुगीजांचा किल्ला, जो 1739 च्या मोहिमेत मराठ्यांकडे आला. काही मैलांच्या अंतरात हिंदू कोळी, ख्रिस्ती कोळी, ईस्ट इंडियन शेतकरी, मुसलमान कारागीर आणि दूरच्या राज्यांतून आलेला खलाशी एका रस्त्याने येतात-जातात.

एरंगळला संत बोनाव्हेंचर यांचे सोळाव्या शतकातील चर्च समुद्राला लागून उभे आहे. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी तेथे जत्रा भरते. जत्रेला ख्रिस्ती येतात तसे हिंदू कोळीही येतात, नवस बोलतात, फेडतात. आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण होतो तेव्हा दर्या कोणत्या धर्माचा असा प्रश्न कोणी विचारीत नाही. या सहजीवनाला तुच्छ लेखण्याचे कारण नाही. ते पिढ्यान्‌पिढ्या टिकले, याचे कारण त्याच्या मुळाशी एकच धंदा, एकच बोली आणि एकच धोका होता. परंतु जत्रा वर्षातून एक दिवस असते. बंधुतेची परीक्षा उरलेल्या 364 दिवसांत होते, आणि त्या परीक्षेचे प्रश्न प्रामुख्याने आर्थिक असतात.

पहिला प्रश्न बोटीवरचा. पूर्वी मासळीचे वाटे पडत: बोटीचा वाटा, जाळ्याचा वाटा आणि अंगमेहनतीचा वाटा. नाखवा, तांडेल आणि खलाशी यांच्यात अंतर होते, पण मासळी आली तर सर्वांनाच आली आणि बुडाली तर सर्वांचीच बुडाली, हा न्याय होता. यांत्रिकीकरणानंतर बोटीत भांडवल गुंतले. डिझेल, बर्फ आणि कर्जाचे हप्ते आले. गावातील तरुण शिकून नोकरीला लागला, आणि त्याच्या जागी उत्तर प्रदेशातून, झारखंडातून, पालघरच्या आदिवासी पाड्यांतून मजूर आला. तो बहुधा हंगामी पगारावर, उचल घेऊन येतो. तो वाटेकरी राहिला नाही, नोकर झाला. ज्या कोळी समाजावर बड्या ट्रॉलरमालकांनी अन्याय केला, त्याच समाजातील बोटमालक आता दुसऱ्याचा मालक आहे. यात कोणा व्यक्तीचा दुष्टपणा शोधण्याचे कारण नाही. उत्पादनाची रीत बदलली की नाती बदलतात, हा अर्थशास्त्राचा जुना धडा आहे. पण मग बंधुतेचा अर्थ या खलाशापुरता काय, हे सांगावे लागेल. 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याचे संरक्षण त्याच्यापर्यंत कधी पोचले नाही. आता तो कायदा नव्या श्रमसंहितेत विलीन झाला असून तेथील तरतूद दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहे. सहा-सात खलाशांची बोट त्या मर्यादेत बसतच नाही.

दुसरा प्रश्न समुद्रावरचा. किनाऱ्यालगत डोल लावणारा लहान मच्छीमार आणि पर्ससीन जाळ्यांनी समुद्र खरवडून नेणारा मोठा धनी यांच्यातील संघर्ष जुना आहे. 1981 च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्यापासून 2016 मध्ये पर्ससीनवर आलेल्या निर्बंधांपर्यंत आणि 2017 मध्ये दिव्यांच्या झोतातील मासेमारीवर आलेल्या बंदीपर्यंत प्रत्येक नियम लढूनच मिळवावा लागला, आणि प्रत्येक नियमाची अंमलबजावणीही लढूनच मिळवावी लागते. या लढ्यांत धर्माच्या भिंती ओलांडल्या गेल्या, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. सत्तरीच्या दशकात गोव्याच्या रापणकारांना ट्रॉलरविरुद्ध संघटित करणारे मातानी साल्ढाणा, आणि केरळात मच्छीमारांचे नेतृत्व करणारे धर्मगुरू थॉमस कोचेरी यांच्यासारख्यांच्या प्रयत्नांतून देशव्यापी मच्छीमार संघटना उभी राहिली. विदेशी कंपन्यांना खोल समुद्रातील मासेमारीचे परवाने देण्याच्या धोरणाविरुद्ध नव्वदीच्या दशकात पूर्व आणि पश्चिम दोन्ही किनाऱ्यांवर बंद पाळले गेले; सरकारला मुरारी समिती नेमावी लागली, आणि 1996 मध्ये त्या समितीने मच्छीमारांच्या बाजूने शिफारशी केल्या. प्रवचनांनी जे झाले नसते ते सामायिक हितसंबंधाने झाले. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान मच्छीमार एकमेकांचे बंधू झाले, ते एका मागणीपत्राखाली सह्या करताना.

तिसरा प्रश्न जमिनीचा. मढ आणि वर्सोवा यांच्यामध्ये खाडीचे एक अरुंद तोंड आहे. नावेने ते काही मिनिटांत ओलांडता येते, रस्त्याने मात्र मोठा वळसा पडतो. तेथे पूल बांधण्याची योजना पुढे आली आहे. पुलाला विरोध करणे हे आमचे काम नव्हे. आजारी माणसाला इस्पितळात आणि मुलाला महाविद्यालयात लवकर पोचता आले पाहिजे. पण पूल आला की जमिनीची किंमत वाढते, आणि वाढलेली किंमत ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याला गावातून उठविते, हाही अनुभव आहे. कोळीवाड्यांच्या आणि गावठाणांच्या सीमा निश्चित करण्याची मागणी वर्षानुवर्षे पडून आहे. वरळीला सागरी मार्गाच्या पुलाखालून बोटी सुरक्षित जाव्यात म्हणून दोन खांबांतील अंतर 60 मीटरऐवजी 120 मीटर करून घ्यावयास तेथील कोळ्यांना दीर्घ काळ झगडावे लागले. 2022-23 च्या हिवाळ्यात कोठे ती मागणी मान्य झाली. योजनेचा नकाशा आखतानाच त्यांना विचारले असते तर हा झगडा टळला असता. परिपत्रकाच्या भाषेत बोलायचे तर शेजाऱ्याचे ऐकणे ही बंधुता होय. आमच्या भाषेत तिला लोकशाही नियोजन म्हणतात.

चौथा प्रश्न मालवणीचा, आणि तो सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. 1992-93 च्या दंगलींत या शहरात सुमारे 900 माणसे मारली गेली, आणि न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने जे लिहून ठेवले त्यावर पुरेशी कारवाई झाली नाही. 30 मार्च 2023 रोजी रामनवमीच्या मिरवणुकीच्या वेळी मालवणीत पुन्हा तणाव उसळला. परंतु याच मालवणीत जून 2015 मध्ये विषारी दारूने शंभरावर माणसे दगावली. ती सारी गरीब होती, आणि ते विष कोणाचा धर्म विचारून पोटात गेले नव्हते. मे 2021 च्या तौक्ते वादळात मुंबईजवळच्या समुद्रात पी-305 हा तराफा बुडून 70 हून अधिक कामगार मृत्युमुखी पडले, तेव्हाही तेच. मिरवणुकीच्या दिवशी जी माणसे हिंदू आणि मुसलमान म्हणून समोरासमोर उभी केली जातात, ती संकटाच्या दिवशी केवळ श्रमिक म्हणून मरतात. हे ज्यांना दिसते त्यांनी ते त्या वस्तीत जाऊन, पुन:पुन्हा सांगितले पाहिजे.

येथे शोमरोनी माणसाच्या दृष्टान्ताची आठवण होते, कारण 'फ्रातेल्ली तुत्ती'चा एक संपूर्ण अध्याय त्यावर आहे. लुटारूंनी जखमी करून टाकलेल्या माणसाला धर्माधिकारी ओलांडून जातात, आणि ज्याला लोक परका व हलका समजत तो शोमरोनी त्याला उचलतो. दृष्टान्ताचा हा भाग सर्वांना पाठ आहे. पण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचे लक्ष पुढच्या भागाकडे जाते. तो जखमीला धर्मशाळेत नेतो, चालकाच्या हातावर दोन दिनार, म्हणजे तेव्हाची जवळजवळ दोन दिवसांची मजुरी ठेवतो, आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन असे सांगतो. म्हणजे करुणेला येथे खर्चाची तरतूद आहे, संस्था आहे आणि पुढील जबाबदारीची हमीही आहे. आणि मार्टिन ल्यूथर किंग यांनी 1967 मध्ये याच दृष्टान्ताला जोडलेला प्रश्न आमचाही आहे: ज्या रस्त्यावर वाटसरू वारंवार लुटले जातात, तो रस्ताच बदलावयास नको काय?

या प्रश्नाशी येऊन परिपत्रक थोडे अडखळते, असे आमचे मत आहे. बाजाराची अपुरी बाजू ते दाखविते, पण बदल घडविण्याचा भार ते प्रामुख्याने सहृदय राजकारणावर टाकते. सहृदयता हवीच, परंतु नियम लागतात, संघटना लागते, आणि ज्याचे हित धोक्यात येते तो आपण होऊन बाजूला होत नाही याचे भान लागते. शिवाय या धर्मसंस्थेच्या स्वतःच्या वहीत काही देणी आहेत. गोव्यात 1560 पासून चाललेले धर्मन्यायालय 1812 पर्यंत पुरते मिटले नाही. मुंबईत तर कॅथलिकांमध्येच पोर्तुगालची सत्ता मानणारे आणि रोमची सत्ता मानणारे असे दोन तट 1794 पासून 1928 पर्यंत एका शहरात नांदत होते. जात ख्रिस्ती झाल्याने गेली नाही. भारतीय बिशपांच्या परिषदेला 2016 मध्ये दलितांच्या सबलीकरणाचे धोरण जाहीर करावे लागले, यातच ती कबुली आहे. आणि मानवी बंधुतेच्या या पत्राला जे शीर्षक दिले त्यात भाऊच आहेत, बहिणी नाहीत, अशी तक्रार अनेक ख्रिस्ती स्त्रियांनीच केली. टोपली डोक्यावर घेऊन बाजार सांभाळणारी आमची कोळीण तर या तक्रारीला दुजोराच देईल.

पण देणी ज्यांनी फेडावयास घेतली, त्यांची नोंदही त्याच वहीत झाली पाहिजे. वसईत 1918 मध्ये मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने कॅथलिक पतसंस्था निघाली आणि तिने सावकाराच्या दारातून शेतकऱ्याला बाहेर काढण्याचे काम आरंभिले. तीच पुढे बॅसीन कॅथलिक सहकारी बँक झाली. त्याच वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हरित वसई संरक्षण समितीमार्फत जमीन आणि पाणी यांच्या लुटीविरुद्ध लढा उभारला. त्यात हिंदू आणि ख्रिस्ती शेतकरी खांद्याला खांदा लावून उभे राहिले. 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा काहींनी त्यांच्या धर्मावर बोट ठेवून आक्षेप घेतला. मराठी वाचकांनी मात्र त्यांना आपले मानले, आणि 25 जुलै 2024 रोजी ते गेले तेव्हा हळहळ सर्व धर्मांत झाली. आणि फादर स्टॅन स्वामी? बंधुतेच्या परिपत्रकावर स्वाक्षरी झाल्यानंतर पाचव्या दिवशी, 8 ऑक्टोबर 2020 रोजी, आदिवासींच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या या वृद्ध जेझुइटाला रांचीत अटक झाली. कंपवाताने हात थरथरत असल्यामुळे पाणी पिण्यासाठी नळीचा पेला मिळावा म्हणून त्यांना न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. खटला उभाही राहिला नव्हता, आणि 5 जुलै 2021 रोजी 84 व्या वर्षी वांद्र्याच्या होली फॅमिली इस्पितळात, कोठडीत असतानाच, त्यांचे प्राण गेले.

समाजवाद्यांनी आपल्या खात्याकडेही पाहिले पाहिजे. संविधानसभेच्या मूळ उद्दिष्टांच्या ठरावात बंधुता हा शब्द नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने तो उद्देशिकेत घातला. 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात त्यांनी बजावले की ही तीन तत्त्वे एकमेकांपासून तोडता येत नाहीत, आणि बंधुता नसेल तर स्वातंत्र्य व समता टिकविण्यासाठी पोलीस शिपाई उभा करावा लागेल. 3 ऑक्टोबर 1954 च्या आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी सांगितले की ही त्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीपासून घेतली नसून बुद्धाच्या शिकवणीतून घेतली आहे. साने गुरुजींनी 1947 च्या मे महिन्यात पंढरपूरला उपोषण करून विठ्ठलाचे दार हरिजनांना उघडले, तेही याच तत्त्वासाठी. म्हणजे बंधुता आम्हाला रोमकडून शिकावयाची नाही. ती आमच्या घरात होती. आम्हीच तिला वर्षानुवर्षे माळ्यावर टाकून दिले.

मग आता करावयाचे काय? पहिले, मढ-भाटी-एरंगळच्या बोटींवरील प्रत्येक खलाशाची, तो कोणत्याही राज्याचा असो, मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत नोंदणी व्हावी, त्याला विमा मिळावा आणि उचल व पगार यांचा लेखी हिशेब त्याच्या हाती असावा. संस्थेचा सभासद होण्याचा मार्ग त्यालाही मोकळा असावा. दुसरे, कोळीवाड्यांचे सीमांकन पूर्ण झाल्यावाचून खाडीवरील कोणत्याही बांधकामाचा आराखडा अंतिम होऊ नये. तिसरे, अनुसूचित जातींच्या 1950 च्या आदेशात 1956 मध्ये शिखांचा आणि 1990 मध्ये बौद्धांचा समावेश झाला, तसा दलित ख्रिस्ती व दलित मुसलमानांचाही व्हावा. रंगनाथ मिश्र आयोगाने 2007 मध्ये धर्माचे हे बंधन काढण्याची शिफारस केलीच आहे. चौथे, चर्चने आपल्या शाळांतील आणि इस्पितळांतील शिपायाला, आयाला आणि सफाई कामगाराला 1891 च्या पत्रातील वेतनाचे माप लावून पाहावे, आणि त्याचे उत्तर जाहीर करावे. पाचवे, मालवणीत सण आल्यावर नव्हे, तर सण नसताना शांतता समित्या बसाव्यात, आणि त्यांच्यापुढे पाणी, शौचालये व रेशन हे विषय असावेत.

यातील एकही मागणी क्रांतिकारक नाही. पण यातील प्रत्येक मागणीसाठी हिंदू कोळी, ख्रिस्ती शेतकरी, मुसलमान कारागीर आणि परप्रांतीय खलाशी यांना एका सतरंजीवर बसावे लागेल. आमच्या कार्यकर्त्यांनी ही सतरंजी अंथरण्याचे काम आगामी जानेवारीची वाट न पाहता हाती घ्यावे, आणि चर्चचे जे लोक आपल्या पोपचे म्हणणे मनापासून मानतात, त्यांनाही तिच्यावर सन्मानाने बोलवावे.